पाठदुखीचा उपचार आणि आरोग्यविमा : कायरोप्रॅक्टिक व भौतिकोपचाराच्या खर्चाचे नागपूरच्या संदर्भात विवेचन

सारांश

पाठदुखी व मानदुखी या बहुतांशी बाह्यरुग्ण विभागात बऱ्या होणाऱ्या व्याधी आहेत. भारतातील आरोग्यविमा मात्र मूलतः रुग्णालयातील भरतीभोवती रचलेला आहे. या विसंगतीमुळे कायरोप्रॅक्टिक, भौतिकोपचार, पंचकर्म यांसारख्या उपचारांचा खर्च रुग्णाला बहुधा स्वतःच्या खिशातून करावा लागतो. प्रस्तुत लेखात कायरोप्रॅक्टिक पद्धतीचे स्वरूप, तिचे भारतातील कायदेशीर स्थान, विमापत्रातील संबंधित अटी, नागपूर शहरात उपलब्ध असलेले पर्याय आणि दावा नाकारला गेल्यास तक्रारीचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कायरोप्रॅक्टिक, भौतिकोपचार, आरोग्यविमा, बाह्यरुग्ण सेवा, विमा लोकपाल, नागपूर

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाचे काम बैठे आहे की उभे, असा प्रश्न विचारल्यास 'दोन्ही' असेच उत्तर द्यावे लागेल. फळ्यासमोर तासन् तास उभे राहणे, उत्तरपत्रिका तपासताना मान खाली घालून बसणे आणि अलीकडे संगणकासमोर वाढलेले काम यांमुळे कंबर व मान यांच्या तक्रारी अध्यापक कक्षात नित्याच्या झाल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. अपंगत्वास कारणीभूत ठरणाऱ्या व्याधींत कंबरदुखीचे स्थान जगात अग्रक्रमाचे आहे.

आपल्या समाजात या दुखण्यावर उपचारांची वाण कधीच नव्हती. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत खेड्यापाड्यांत सर्वांना परिचित आहे. हाडवैद्याकडे जाणे, तेल लावून शेक घेणे, नस बसवून घेणे हे प्रकारही जुनेच. या परंपरेत गेल्या काही वर्षांत 'कायरोप्रॅक्टिक' या परदेशी नावाची भर पडली आहे. मणक्यांतून 'कट्' असा आवाज काढून क्षणात वेदना घालविल्याची दृश्ये भ्रमणध्वनीवर पाहून अनेक जण या उपचाराकडे वळतात. उपचारानंतर पावती हाती येते आणि मग प्रश्न उद्भवतो की, हा खर्च आरोग्यविम्यातून मिळेल काय?

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर 'बहुधा नाही' असे आहे. परंतु ते का नाही, कोणत्या परिस्थितीत पाठीच्या उपचाराचा खर्च मिळू शकतो आणि त्यासाठी कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे समजून घेणे आवश्यक आहे. अज्ञानामुळे पैसा तर जातोच, कित्येकदा योग्य निदानालाही विलंब होतो.

२. कायरोप्रॅक्टिक : स्वरूप व परदेशातील स्थान

कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी डी. डी. पामर यांनी १८९५ साली सुरू केली. ग्रीक भाषेतील 'हात' व 'कृती' या अर्थाच्या शब्दांवरून तिला हे नाव मिळाले. हातांनी मणक्यांच्या सांध्यांना विशिष्ट दिशेने झटका वा दाब देणे हे तिचे मुख्य तंत्र होय. आरंभी या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी बहुतेक सर्व रोगांचे मूळ मणक्यात असल्याचा दावा केला होता. त्यास शास्त्रीय आधार मिळाला नाही. आज तिचा विचार प्रामुख्याने कंबरदुखी, मानदुखी व काही प्रकारची डोकेदुखी यांपुरता केला जातो.

या पद्धतीला विम्याचा आश्रय कसा मिळाला, याचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेत प्रथम कॅन्सस राज्याने १९१३ साली कायरोप्रॅक्टरांच्या परवान्याचा कायदा केला, तर लुइझियाना हे शेवटचे राज्य १९७४ साली त्यांत सामील झाले. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 'मेडिकेअर' या शासकीय विम्यात १९७२ च्या दुरुस्ती कायद्याने या उपचाराचा समावेश झाला. तोही मर्यादित स्वरूपात. मणक्यावर हातांनी केलेला उपचार तेवढा देय आहे. कायरोप्रॅक्टरने सांगितलेली क्ष-किरण तपासणी किंवा मालीश यांचा खर्च त्यात मिळत नाही. तसेच वार्षिक वजावटीची रक्कम ओलांडल्यानंतरही २० टक्के वाटा रुग्णालाच उचलावा लागतो.

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांची स्वतंत्र परिषद स्थापन झाली. ऑस्ट्रेलियात दीर्घकालीन आजाराच्या रुग्णास डॉक्टरने आखून दिलेल्या योजनेनुसार शासकीय विम्यातून वर्षाला पाच सहायक उपचार-भेटींसाठी साहाय्य मिळते व त्यांत कायरोप्रॅक्टिकचाही अंतर्भाव होतो. याउलट कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १ डिसेंबर २००४ पासून हा उपचार आपल्या शासकीय विम्यातून वगळला. या सर्व उदाहरणांतून एक सूत्र स्पष्ट होते. ज्या देशांत हा उपचार विम्यात आला, तेथे नोंदणी व परवान्याची व्यवस्थाही उभी राहिली आणि विम्यात आल्यानंतरही त्यावर संख्येची व रकमेची मर्यादा राहिली.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुलाच्या नोकरीतील विम्यात कायरोप्रॅक्टिकच्या भेटी समाविष्ट असल्या तरी तो विमा बहुधा पत्नी व मुले यांच्यापुरता असतो. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना प्रवासी विम्यावरच अवलंबून राहावे लागते आणि जुनी कंबरदुखी ही पूर्वीपासूनची व्याधी या सदरात मोडून सामान्यतः वगळली जाते.

३. उपचाराची उपयुक्तता व धोके

विम्याच्या चर्चेपूर्वी उपचाराच्या गुणावगुणांचा विचार क्रमप्राप्त आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी आरंभी औषधाविना उपचार करण्याचा सल्ला दिला असून शेक, मालीश, ॲक्युपंक्चर यांच्या जोडीने मणक्यावरील हस्तोपचाराचाही उल्लेख केला आहे. मात्र त्यामागील पुरावा दुर्बल असल्याचेही नमूद केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतही रुग्णशिक्षण व व्यायाम यांच्या बरोबरीने अशा हस्तोपचाराची शिफारस सशर्त स्वरूपाची आहे. तात्पर्य, काही रुग्णांना त्याचा लाभ होतो, परंतु तो चमत्कार नव्हे.

धोक्यांचा विचार भारतीय परिस्थितीत अधिक गांभीर्याने करावयास हवा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. अशा रुग्णाच्या पोखरलेल्या मणक्याला झटका दिल्यास मज्जारज्जूला इजा होऊ शकते. अस्थिभंग, हाडांची ठिसूळता, कर्करोगाचा मणक्यापर्यंत झालेला प्रसार या अवस्थांतही झटक्याचा उपचार वर्ज्य आहे. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीस इजा होण्याचा धोका क्वचित असला तरी गंभीर आहे. पायांतील शक्ती कमी होणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, बैठकीच्या भागात बधिरता येणे, ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास प्रथम अस्थिरोगतज्ज्ञ वा मज्जाशल्यतज्ज्ञ यांच्याकडेच जावे. अशा वेळी हस्तोपचारात घालविलेला एकेक आठवडा महागात पडतो.

४. भारतातील कायदेशीर स्थान

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशात चार-पाच वर्षांचे रीतसर शिक्षण घेऊन आलेली व्यक्ती आणि अल्पमुदतीचा वर्ग करून तेच बिरुद लावणारी व्यक्ती यांत भेद करण्याचे अधिकृत साधन त्यामुळे सामान्य रुग्णापाशी नाही.

भौतिकोपचाराची, म्हणजेच फिजिओथेरपीची, स्थिती याहून वेगळी आहे. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्या राज्य परिषदेसाठी २००२ चा स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. पुढे संसदेने २०२१ साली सहायक व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत भौतिकोपचार हा स्वतंत्र प्रवर्ग आहे. मणक्यावरील हस्तोपचाराची तंत्रे भौतिकोपचाराच्या शिक्षणातही अंतर्भूत असतात. म्हणजे कायरोप्रॅक्टिक या नावाखाली रुग्ण जे शोधतो, त्यातील बराचसा भाग त्याला नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञाकडून मिळू शकतो.

हा फरक केवळ प्रतिष्ठेचा नाही. विमापत्रातील 'वैद्यकीय व्यावसायिक' या संज्ञेची व्याख्या नोंदणीवर आधारलेली आहे. राज्याच्या वा राष्ट्रीय वैद्यकीय परिषदेकडे किंवा भारतीय चिकित्सापद्धती अथवा होमिओपॅथी यांच्या परिषदेकडे नोंद असलेली व्यक्तीच या व्याख्येत बसते. कायरोप्रॅक्टर तीत बसत नाही. भौतिकोपचारतज्ज्ञही स्वतंत्रपणे बसत नाही. परंतु नोंदणीकृत डॉक्टरने लिहून दिलेला व रुग्णालयीन उपचाराशी जोडलेला भौतिकोपचार देय ठरू शकतो. डॉक्टरची चिठ्ठी हा येथे निर्णायक दुवा आहे.

५. विमापत्रातील संबंधित अटी

भारतात 'मेडिक्लेम' या नावाने वैयक्तिक आरोग्यविमा १९८६ साली सुरू झाला. रुग्णालयातील भरतीचा आकस्मिक खर्च भागविणे हा त्याचा मूळ हेतू होता व आजही बहुतेक विमापत्रांचा गाभा तोच आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' हे प्रमाण विमापत्र सर्व कंपन्यांना लागू केले. अटी समजून घेण्यासाठी ते उत्तम नमुना आहे.

(अ) भरतीची अट : काही ठरावीक दिवसभराच्या शस्त्रक्रिया वगळता किमान २४ तास रुग्णालयात भरती असणे आवश्यक आहे. रुग्णालय हे संबंधित कायद्याखाली नोंदलेले असावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. तशी नोंद नसल्यास व्याख्येत खाटांची किमान संख्या दिली आहे. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावी १० आणि अन्यत्र १५. नागपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २४ लाखांवर असल्याने येथे १५ खाटांचा निकष लागू पडतो. तासाभराच्या उपचारासाठीचे चिकित्सालय या व्याख्येत येत नाही.

(आ) भरतीपूर्व व भरतीपश्चात खर्च : आरोग्य संजीवनीत भरतीपूर्वीचे ३० दिवस व सुटीनंतरचे ६० दिवस यांतील त्याच आजाराचा खर्च मिळतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सुटीच्या कागदावर भौतिकोपचार लिहून दिला असेल, तर ६० दिवसांतील बैठकांचा दावा करता येतो. तोच उपचार कागदावर लिहिलेला नसल्यास दावा कमकुवत होतो.

(इ) प्रतीक्षाकाल : विमा घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य आजारांचा खर्च मिळत नाही. अपघाताने न उद्भवलेला मणक्यातील चकतीचा विकार व कण्याचे अन्य आजार यांसाठी आरोग्य संजीवनीत २४ महिन्यांची प्रतीक्षा ठेवलेली आहे. पूर्वीपासूनच्या व्याधींसाठीची कमाल प्रतीक्षा २०२४ च्या नियमांनी ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली.

(ई) वगळलेल्या बाबी : २०१९ साली प्राधिकरणाने वगळण्याच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली व त्यांना क्रमांक दिले. पाठीच्या उपचारांच्या दृष्टीने त्यांपैकी चार महत्त्वाच्या आहेत. क्रमांक ४ अन्वये केवळ तपासणीसाठी झालेली भरती देय नाही. कंबरदुखीसाठी भरती होऊन फक्त एमआरआय केला व गोळ्या घेतल्या, तर हेच कलम पुढे केले जाते. क्रमांक ५ अन्वये विश्रांती व पुनर्वसनासाठीचा मुक्काम देय नाही. क्रमांक १३ अन्वये निसर्गोपचार केंद्रे, स्पा व तत्सम ठिकाणचे उपचार वगळले आहेत. क्रमांक १६ अन्वये पुरेशा वैद्यकीय पुराव्याविना केलेले, सिद्ध न झालेले उपचार देय नाहीत. कायरोप्रॅक्टिकचा दावा भरतीच्या पहिल्याच अटीवर थांबतो. तेथून निभावला तरी व्यावसायिकाची व्याख्या व हे शेवटचे कलम आड येते.

(उ) आयुष उपचार : प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०२४ रोजी दिलेल्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२४ पासून आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध व होमिओपॅथी यांच्या उपचारांना विमापत्रात अन्य उपचारांच्या बरोबरीचे स्थान देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यामुळे कटिबस्ती वा अन्य पंचकर्मासाठी शासकीय आयुर्वेद रुग्णालयात, आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा किमान ५ खाटा व चोवीस तास वैद्य असलेल्या नोंदणीकृत आयुष रुग्णालयात वैद्यकीय गरजेने भरती झाल्यास दावा करता येतो. बाहेरच्या बाहेर घेतलेल्या मालिशीस हा नियम लागू होत नाही.

६. खर्चाचे एक उदाहरण

या अटींचा प्रत्यक्ष परिणाम पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातील रकमा केवळ आकडेमोडीसाठी गृहीत धरल्या आहेत. समजा, एका प्राध्यापकास चकतीच्या विकाराने पायात कळ येते व त्यांच्यापाशी तीन वर्षांपासून आरोग्य संजीवनी विमापत्र आहे.

पहिला मार्ग : ते प्रति बैठक १,००० रुपये देऊन कायरोप्रॅक्टरकडे १० बैठका घेतात. खर्च १०,००० रुपये. विम्याचा परतावा शून्य.

दुसरा मार्ग : अस्थिरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीने ते खासगी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे प्रति बैठक ५०० रुपये देऊन १० बैठका घेतात. खर्च ५,००० रुपये. भरती नसल्याने परतावा याही वेळी शून्य. मात्र निदान झालेले असते, कागदपत्रे तयार असतात व खर्चही निम्म्यावर येतो.

तिसरा मार्ग : त्रास वाढून शस्त्रक्रिया करावी लागते. रुग्णालयाचे मान्य बिल ८०,००० रुपये आणि सुटीनंतर ६० दिवसांत लिहून दिलेल्या भौतिकोपचाराचे ५,००० रुपये, असा एकूण ८५,००० रुपये खर्च होतो. आरोग्य संजीवनीत ५ टक्के स्ववाटा असल्याने ४,२५० रुपये रुग्णास व ८०,७५० रुपये कंपनीस द्यावे लागतात.

यातील विरोधाभास उघड आहे. वेळीच घेतलेल्या ५,००० रुपयांच्या व्यायामोपचाराला विमा हात लावत नाही. शस्त्रक्रियेला मात्र तो ऐंशी हजार देतो. प्रत्येक शस्त्रक्रिया भौतिकोपचाराने टळते असे नाही. परंतु ज्या रुग्णांच्या बाबतीत ती टळू शकते, त्यांच्यासाठी सध्याची रचना चुकीच्या दिशेने ढकलणारी आहे. केवळ दावा मिळावा म्हणून अनावश्यक भरती करण्याचा मोहही यातूनच निर्माण होतो. तो मार्ग नीतीला धरून नाही आणि क्रमांक ४ च्या कलमामुळे आर्थिकदृष्ट्याही फसवा आहे.

७. नागपुरातील उपलब्ध पर्याय

नागपूरकरांना खासगी विम्याखेरीज अन्य काही आधार आहेत. १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न भौतिकोपचार विद्यालय व केंद्र आहे. सर्वसामान्यांत 'मेडिकल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रुग्णालयात अस्थिरोग विभागाकडून निदान व त्याच आवारात भौतिकोपचार, अशी सोय अल्प शुल्कात होते. 'मेयो' म्हणून परिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व मिहान परिसरातील एम्स हे अन्य शासकीय पर्याय होत. आयुर्वेदाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी सक्करदरा भागात शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रांग व वेळ ही या सर्व ठिकाणची खरी किंमत होय; परंतु निदानासाठी तरी ती मोजणे श्रेयस्कर ठरते.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मूळ राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती उर्वरित राज्यास व त्याबरोबर नागपूर जिल्ह्यास लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत वाढवून प्रति कुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांचे संरक्षण देण्यात आले. उत्पन्नाची जुनी मर्यादा मनात धरून अनेक प्राध्यापक या योजनेचा विचारच करीत नाहीत. ही समजूत आता सुधारावयास हवी. योजना सूचीतील उपचारांपुरती व अंगीकृत रुग्णालयांपुरती आहे. बाह्यरुग्ण कायरोप्रॅक्टिकचा तिच्याशी संबंध नाही. मणक्याची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आल्यास मात्र संबंधित रुग्णालयातील 'आरोग्यमित्रा'कडे प्रथम चौकशी करावी.

केंद्र शासनाच्या कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांसाठी नागपुरात सीजीएचएसची सेवा आहे व तिच्या दरसूचीत भौतिकोपचाराच्या बाबी आहेत. कामगार राज्य विमा योजनेत २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या व योजनेखाली येणाऱ्या आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना बाह्यरुग्ण सेवाही मिळते; २०१९ पासून तिचे अंशदान कर्मचाऱ्याकडून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के असे आहे. सोमवारी पेठेत या योजनेचे रुग्णालय आहे. रेल्वे व वेस्टर्न कोलफिल्ड्स यांसारख्या आस्थापनांची स्वतःची वैद्यकीय व्यवस्था आहे. कुटुंबातील कोणी तेथे नोकरीस असल्यास अवलंबित म्हणून मिळणाऱ्या हक्काची चौकशी करावी. अनुदानित व विनाअनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांनी आपणांस लागू असलेली प्रतिपूर्तीची वा गटविम्याची तरतूद आस्थापना विभागाकडून लेखी स्वरूपात समजून घेणे इष्ट.

८. दावा करताना घ्यावयाची काळजी

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो. प्रथम नोंदणीकृत डॉक्टरकडून निदान करून घ्यावे व ते चिठ्ठीवर स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. 'पाठदुखी' एवढाच उल्लेख अपुरा असतो. भौतिकोपचार सुचविला असल्यास बैठकांची संख्या व कालावधी लिहून घ्यावा. प्रत्येक बैठकीची क्रमांकित पावती, त्यावर उपचारकाचे नाव व नोंदणी क्रमांक असावा. २०२४ पासून कंपन्यांनी देणे बंधनकारक असलेले ग्राहक माहिती पत्रक वाचून त्यातील प्रतीक्षाकाल व मर्यादा तपासाव्यात. नियोजित भरतीपूर्वी रोखरहित उपचाराची मंजुरी मागावी. प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने अशा विनंतीवर एका तासात व सुटीच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावयाचा असतो.

विमा घेताना जुनी कंबरदुखी लपवू नये. ती सांगितल्यास प्रतीक्षाकाल लागतो. लपविल्यास संपूर्ण दावा धोक्यात येतो. ६० महिने विमा अखंड चालू राहिल्यानंतर मात्र फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. नवे विमापत्र हाती आल्यापासून ३० दिवसांत ते परत करण्याची मुभा असते. बाह्यरुग्ण खर्चाची जोड देणारी विमापत्रे आज उपलब्ध आहेत. ती घेताना भौतिकोपचाराचा नामनिर्देश आहे काय, बैठकांची व रकमेची मर्यादा किती आणि वाढीव हप्ता त्या मर्यादेच्या तुलनेत किती, हे तीन प्रश्न विचारावेत. हप्त्याची वाढ व मिळू शकणारी कमाल रक्कम जवळपास सारखी असल्यास तेवढे पैसे वेगळे ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

९. दावा नाकारल्यास

परिपत्रकानुसार दावा नाकारताना कंपनीने विमापत्रातील नेमकी अट नमूद करणे आवश्यक आहे व असा निर्णय तिच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या संमतीविना घेता येत नाही. म्हणून प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. प्राधिकरणाच्या 'विमा भरोसा' या संकेतस्थळावर अथवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. नागपूर हे पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येते. या तक्रारीस शुल्क नाही, वकिलाची गरज नाही व लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. याखेरीज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नागपुरातील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठही नागपुरात आहे.

अर्थात तक्रारीचा मार्ग हा अटीत बसणाऱ्या परंतु चुकीने नाकारलेल्या दाव्यांसाठी आहे. जो उपचार मुळातच वगळलेला आहे, त्याचा खर्च कोणत्याही पायरीवर मिळण्याची अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय. आपला दावा कोणत्या प्रकारात मोडतो, हे आधीच ओळखल्यास वेळ व मनःस्ताप दोन्ही वाचतात.

१०. समारोप

एकंदरीत पाहता, कायरोप्रॅक्टिकचा खर्च भारतीय आरोग्यविम्यात न मिळण्यामागे विमा कंपन्यांची केवळ कंजुषी नसून नोंदणीचा अभाव, भरतीकेंद्रित रचना व अपुरा पुरावा ही तीन कारणे आहेत. त्यांपैकी पहिले कारण रुग्णाच्या सुरक्षिततेशी निगडित असल्याने ते विम्याआधी दूर होणे आवश्यक आहे. ज्याची तक्रार कोणत्या परिषदेकडे करावी हे ठाऊक नाही, त्याच्या हाती आपली मान देण्यापूर्वी सुशिक्षिताने तरी दोनदा विचार करावा.

दुसरे कारण मात्र धोरणाच्या कक्षेतील आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीने, नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञाकडून, वर्षाला ठरावीक बैठकांपर्यंतचा बाह्यरुग्ण उपचार विम्यात अंतर्भूत करणे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियातील पाच भेटींची मर्यादा हे त्याचेच उदाहरण होय. महाविद्यालये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी गटविमा घेतात, तेव्हा कंपनीशी अटींची वाटाघाट करता येते. बहुधा ही वाटाघाट केवळ हप्त्याच्या रकमेवर होते. पुढील नूतनीकरणाच्या वेळी अध्यापक संघटनेने भौतिकोपचाराच्या दहा बैठकांची मागणी विषयपत्रिकेवर ठेवल्यास त्याचा लाभ अध्यापकांइतकाच प्रयोगशाळा परिचर व ग्रंथालय कर्मचारी यांनाही होईल. ओझी उचलणारी पाठ त्यांचीच असते आणि बाहेरच्या उपचाराचा खर्च पेलण्याची ताकदही त्यांच्यापाशी सर्वांत कमी असते.